एक गाव, दोन मंडळ्या : सातारा-सांगलीतील स्थानिक आणि स्थलांतरित ख्रिस्ती समाजांच्या भागीदारीचा प्रश्न

एका गावात राहणाऱ्या सर्व ख्रिस्ती माणसांची मंडळी एकच असावी, की ज्याने त्याने आपली भाषा आणि आपली परंपरा जपणारी मंडळी नव्या गावीही उभारावी, हा प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. मंडळी म्हणजे एकत्र उपासना करणारा, एकमेकांची जबाबदारी घेणारा श्रद्धावंतांचा समुदाय. आणि स्थलांतरित मंडळी म्हणजे नोकरी, शिक्षण किंवा व्यापार यांच्या निमित्ताने परक्या भाषेच्या प्रदेशात येऊन स्थिरावलेल्यांनी आपल्या भाषेत चालवलेला असा समुदाय. महाराष्ट्राच्या लोकसंख्येत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण एक टक्क्याहून थोडे कमी आहे, आणि त्यांतील बहुसंख्य मुंबई, ठाणे, वसई, पुणे, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या पट्ट्यांत असल्याने सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत ते आणखी विरळ आहेत. तरीही या विरळ समाजात मराठी मंडळ्यांच्या शेजारी मल्याळी, तमिळ, कोकणी अशा भाषा बोलणारे ख्रिस्ती राहतात, आणि एकाच शहरात दोन-तीन भाषांत, दोन-तीन परंपरांत, बहुतेक वेळा एकमेकांच्या नकळत, रविवारची उपासना होते. संख्या इतकी थोडी असताना ही वेगळेपणाची घडी का बसली आणि तिच्यातून भागीदारीची वाट कशी निघू शकते, हे पाहण्यासाठी हे दोन जिल्हे सोयीचे आहेत, कारण ख्रिस्ती संघटनेची दोन परस्परविरोधी तत्त्वे येथे समोरासमोर आलेली दिसतात.

पहिले तत्त्व प्रदेशाचे आहे. त्यानुसार मंडळी ही भूमीशी बांधलेली असते; जो ज्या गावी राहतो तो त्या गावच्या मंडळीचा, मग त्याची मायबोली कोणतीही असो. इसवी सन ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने आपल्या आठव्या नियमात एका शहरात दोन बिशप असू नयेत असे सूत्र घालून दिले. बिशप म्हणजे धर्मप्रांत या एका विस्तृत क्षेत्रातील सर्व मंडळ्यांवर देखरेख करणारा प्रमुख धर्माधिकारी. पुढे १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेसमोर नेमका स्थलांतराचाच प्रश्न आला, कारण भूमध्य समुद्राच्या परिसरातील अनेक शहरांत वेगवेगळ्या भाषांचे आणि उपासनापद्धतींचे ख्रिस्ती एकत्र राहू लागले होते. परिषदेने दिलेला निर्णय दुहेरी होता : बिशपाने प्रत्येक लोकसमूहासाठी त्याच्या भाषेत आणि त्याच्या विधीप्रमाणे उपासना चालवू शकेल असा योग्य माणूस नेमलाच पाहिजे, परंतु त्या कारणाने एका धर्मप्रांताला दोन बिशप मिळणार नाहीत. भाषेची विविधता मान्य, कारभाराची दुफळी अमान्य, असा हा तोडगा होता, आणि आठशे वर्षांनंतरही त्याचा विचार बाजूला सारता येत नाही.

सातारा आणि सांगली येथील प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा जन्म याच प्रादेशिक तत्त्वाच्या एका आधुनिक रूपातून झाला. एकोणिसाव्या शतकात निरनिराळ्या मिशनसंस्थांनी एकमेकांच्या कार्यक्षेत्रात शिरायचे नाही असा सामंजस्याचा करार पाळला आणि जिल्ह्यांची जणू वाटणी करून घेतली. अमेरिकन मराठी मिशनने १८४९ पासून साताऱ्यात आपले ठाणे ठेवले. हे मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे होते, म्हणजे प्रत्येक मंडळीने आपला कारभार स्वतःच, सभासदांच्या मताने चालवावा असे मानणारे. दक्षिणेकडे कोल्हापुरात रॉयल गूल्ड वाइल्डर यांनी १८५२ मध्ये सुरू केलेले काम पुढे अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले आणि तेथून सांगली-मिरजेपर्यंत पसरले. या परंपरेत निवडून आलेले वडील आणि पाळक मिळून अनेक मंडळ्यांचा एकत्रित कारभार पाहतात. परिणाम असा झाला की साताऱ्याचा ख्रिस्ती माणूस काँग्रिगेशनल आणि मिरजेचा प्रेस्बिटेरियन ठरला, आणि हे ठरण्यात त्याच्या स्वतःच्या विचारापेक्षा त्याच्या जिल्ह्याच्या सीमेचा वाटा मोठा होता. १९२४ मध्ये या दोन्ही परंपरा युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियामध्ये एकत्र आल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट आणि डिसायपल्स या परंपरांसह चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. एका प्रदेशात एकच मंडळी असावी या विचाराचा भारतातील हा एक मोठा विजय मानला जातो, आणि परप्रांतातून येणाऱ्याने वेगळी चूल मांडू नये, स्थानिक मंडळीत सामील व्हावे, ही अपेक्षा त्याच विजयातून आलेली आहे.

दुसरे तत्त्व परंपरेचे आहे, आणि त्यामागे केरळचा दीर्घ व बराचसा वेदनादायक अनुभव उभा आहे. प्रेषित थोमा इसवी सन ५२ मध्ये मलबारच्या किनाऱ्यावर उतरला अशी परंपरा सांगणाऱ्या तेथील ख्रिस्ती समाजाची उपासना सुरियानी भाषेत, पूर्वेकडील मंडळ्यांच्या रीतीने होत असे. पोर्तुगीजांच्या वर्चस्वाखाली १५९९ मध्ये भरलेल्या उदयंपेरूर येथील धर्मसभेने या रीतीवर लॅटिन, म्हणजे रोमच्या पाश्चात्त्य पद्धतीचे संस्कार लादले. त्याविरुद्धचा असंतोष १६५३ मध्ये मट्टानचेरी येथे क्रूसाला बांधलेला दोर हाती धरून घेतलेल्या शपथेत प्रकट झाला, आणि त्यातून या समाजाच्या अनेक शाखा झाल्या. रोमशी संबंध राखणाऱ्या शाखेला, म्हणजे सिरो-मलबार चर्चला, पुढेही दीर्घकाळ केरळबाहेर आपला धर्मप्रांत स्थापण्याची मुभा नव्हती; केरळ सोडून गेलेला मनुष्य आपोआप लॅटिन बिशपाच्या अधिकाराखाली जाई. प्रदेशाचे तत्त्व येथे एकीचे साधन न राहता एका परंपरेने दुसरीला गिळण्याचे साधन बनले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी पौर्वात्य कॅथलिक चर्चविषयी काढलेल्या आदेशात सर्व परंपरांचा दर्जा समान असल्याचे आणि जेथे जेथे आवश्यक असेल तेथे त्या जपल्या जाव्यात असे स्पष्ट केले.

या बदलाच्या इतिहासात महाराष्ट्राला मोठे स्थान आहे. केरळबाहेरचे सिरो-मलबार चर्चचे पहिले मिशनक्षेत्र १९६२ मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर येथे सुरू झाले, आणि मुंबई-पुणे परिसरातील मल्याळी स्थलांतरितांसाठी पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ मध्ये कल्याणचा धर्मप्रांत स्थापन केला, ज्याची व्याप्ती मुंबई, पुणे आणि नाशिक या लॅटिन धर्मप्रांतांच्या प्रदेशावरच ठेवण्यात आली. लॅटरन परिषदेने नाकारलेली गोष्ट, म्हणजे एकाच भूमीवर दोन बिशपांचा अधिकार, येथे जाणीवपूर्वक स्वीकारली गेली. केरळमध्ये १९६८ साली स्थापन झालेल्या मिशनरी सोसायटी ऑफ सेंट थॉमस द अपोसल या धर्मगुरूंच्या संघाकडे कल्याणच्या अखत्यारीतील सांगली मिशनचे काम आले. आणि २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सिरो-मलबार चर्चला संपूर्ण भारतात कार्याधिकार दिला. त्यामुळे सांगलीतील कॅथलिक माणूस आज एकाच शहरात राहून पुण्याच्या किंवा कल्याणच्या बिशपाच्या अधिकाराखाली असू शकतो, आणि हा फरक त्याच्या घराच्या पत्त्यावरून नाही, तर त्याच्या आजोबा-पणजोबांच्या परंपरेवरून ठरतो.

या दोन तत्त्वांपैकी कोणतेही एक पूर्णपणे बरोबर नाही. परंपरेच्या बाजूने सर्वांत बळकट मुद्दा मानवी गरजेचा आहे, आणि तो सांगली जिल्ह्याला वेगळा समजावून सांगावा लागू नये. खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे कारागीर, पिढ्यान्‌पिढ्या केरळपासून बंगालपर्यंत पसरलेले आहेत, आणि परमुलखात गणेशोत्सव, शिवजयंती आणि भजन टिकवण्यासाठी त्यांनी मंडळे चालवली आहेत. दिवसभर परक्या भाषेत व्यवहार करणाऱ्याला प्रार्थना मात्र आईच्या भाषेत करावीशी वाटते, आणि मिरजेच्या रुग्णालयात रात्रपाळी करून आलेल्या मल्याळी परिचारिकेला ज्या ओव्यांनी आणि ज्या आळवणीने लहानपणी धीर दिला त्यांच्या जागी दुसरी गीते ठेवून तोच धीर मिळेल असे मानणे म्हणजे माणसाला न ओळखणे होय. शिवाय भाषा वेगळी म्हणजे माणूस परका, हे समीकरणही या भागात टिकत नाही. जत तालुक्यात कन्नड ही पिढ्यान्‌पिढ्यांची घरची भाषा आहे आणि तेथील कन्नडभाषक तितकेच स्थानिक आहेत.

मात्र याच मुद्द्याचा धोकाही भारताच्या भूमीतच स्पष्ट झाला. दमोह येथे १८९७ मध्ये जन्मलेले आणि मध्य भारतात अनेक वर्षे काम केलेले अमेरिकन मिशनरी डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी १९५५ च्या ‘द ब्रिजेस ऑफ गॉड’ या ग्रंथापासून असे प्रतिपादन केले की वंश, भाषा किंवा वर्ग यांची भिंत ओलांडावी न लागता माणसे ख्रिस्ती होतात तेव्हा मंडळी वेगाने वाढते. म्हणून सजातीय समूहांच्या स्वतंत्र मंडळ्या असाव्यात. निरीक्षण म्हणून हे खरे असेल, पण आदर्श म्हणून ते स्वीकारले तर जातीनिहाय मंडळ्यांना धर्मशास्त्राची मान्यता मिळते, आणि ज्या धर्माने भिंती पाडण्याची भाषा केली त्याच्याच अंगणात त्या पुन्हा उभ्या राहतात.

सातारा-सांगलीच्या संदर्भात ही शंका काल्पनिक नाही. येथील मराठी ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग महार आणि मांग या, गावकुसाबाहेर ठेवलेल्या जातींतून आलेला आहे, तर केरळच्या सुरियानी ख्रिस्ती समाजाला तेथील समाजरचनेत शतकानुशतके उच्च स्थान होते. धर्मांतरित दलितांना अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळणारा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश शिखांसाठी १९५६ मध्ये आणि बौद्धांसाठी १९९० मध्ये सैल झाला, पण ख्रिस्ती समाजासाठी झालेला नाही. त्यामुळे मराठी ख्रिस्ती कुटुंबाच्या मनात धर्म, जात, शिक्षण आणि नोकरी यांचा जो गुंता असतो तो केरळहून आलेल्या शिक्षिकेच्या किंवा बँक-अधिकाऱ्याच्या अनुभवात नसतो. दोन मंडळ्यांमधील अंतर केवळ भाषेचे आहे असे म्हणून विषय मिटवता येत नाही तो यामुळेच. भाषेची अडचण दुभाष्याने सुटते. पंक्तीला शेजारी बसण्याची आणि सोयरिकीला तयार होण्याची अडचण दुभाष्याने सुटत नाही.

दुसऱ्या बाजूला, स्थानिक असल्याचा मराठी मंडळ्यांचा दावाही तपासून घ्यावा लागतो. त्यांच्या उपासनामंदिरांची, शाळांची आणि दवाखान्यांची पायाभरणी समुद्रापलीकडून आलेल्या माणसांनी केली. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले, त्यांनी सांगलीत दवाखाना चालवला आणि मग मिरजेत रुग्णालय उभारले. रेल्वेच्या जंक्शनमुळे दूरदूरचे रुग्ण तेथे येऊ लागले आणि त्यांच्यामागून देशभरातील वैद्यकीय कर्मचारीही आले. ज्या मिरजेने उत्तरेतील कैराना येथून आलेले गायक अब्दुल करीम खाँ यांना आपले मानले आणि जेथील दर्ग्याच्या परिसरात त्यांची कबर आहे, त्या शहरात बाहेरून आलेला माणूस आपला होण्यास किती काळ लागतो याचे उत्तर दोनच पिढ्यांत मिळते. मराठी मंडळीही अशीच आलेल्यांच्या श्रमातून स्थानिक झाली, आणि ती स्थानिक होण्याची क्रिया सोपी नव्हती.

त्या क्रियेतील सर्वांत बोलका अध्याय साताऱ्यातच घडला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये सुमारे दोन तपे काम केले, पण १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ या नावाने एक नवा बंधुसमाज सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान होते. वैयक्तिक पातळीवर मिशनरींविषयी टिळकांना प्रेमच होते. त्यांचा आक्षेप व्यवस्थेवर होता, कारण पैसा परदेशातून येत असल्याने निर्णयही तिकडूनच येत आणि भारतीय ख्रिस्ती आपल्याच मंडळीत पगारी मदतनीस बनून राहत. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले आणि दरबार फार काळ टिकला नाही, परंतु त्यांनी मांडलेला प्रश्न आजच्या भागीदारीलाही तसाच लागू होतो : ज्याच्या हाती साधने आहेत त्याच्याच हाती निर्णय राहणार असतील, तर त्या संबंधाला बंधुत्व म्हणता येईल काय? आज साधने विभागलेली आहेत. जुनी इमारत आणि जमीन बहुधा मराठी मंडळीकडे असते, तर नियमित वर्गणी, आखाती देशांशी असलेला संबंध आणि संघटनेची शिस्त अनेकदा मल्याळी मंडळीकडे असते. दोघांनाही दुसऱ्याची गरज आहे, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या बळाची धास्ती आहे.

बायबलमधील आरंभीच्या मंडळीचा अनुभव या ठिकाणी मार्गदर्शक ठरतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायानुसार यरुशलेमच्या मंडळीतील पहिला मोठा वाद कोणत्याही सिद्धान्तावरून झाला नाही, तो रोजच्या अन्नवाटपावरून झाला. बाहेरगावाहून येऊन स्थायिक झालेल्या ग्रीकभाषक यहुद्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते अशी तक्रार उठली, तेव्हा प्रेषितांनी वाटपाचे काम सात जणांकडे सोपवण्याचा निर्णय घेतला, आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक होती. यावरून बहुतेक भाष्यकार असा निष्कर्ष काढतात की ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांच्याच माणसांकडे सर्वांच्या वाटपाचा अधिकार देण्यात आला. सहानुभूतीचा ठराव करून थांबणे प्रेषितांना सोपे गेले असते. त्यांनी कोठाराच्या किल्ल्या दिल्या. याच पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात अंत्युखियाची मंडळी कुप्र आणि कुरेने येथून आलेल्या विस्थापितांच्या कामातून उभी राहते, आणि यहुदियात दुष्काळ पडल्यावर तीच स्थलांतरितांची मंडळी मूळ मंडळीला मदत पाठवते. सम्राट क्लौद्याच्या आदेशामुळे रोम सोडावे लागलेले तंबूवाले दांपत्य, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला, तर पुढे ज्या शहरांत राहिले त्यांतील काहींत मंडळी त्यांच्याच घरात भरू लागली. यजमान आणि पाहुणा या भूमिका अशा रीतीने पुन्हा पुन्हा अदलाबदल होत राहिल्या, आणि नव्या करारात दिसणारी मंडळी घडली ती या अदलाबदलीतच.

या कसोटीवर भागीदारीच्या चार पायऱ्या मानता येतात. पहिली पायरी छपराची आहे : एका मंडळीने आपले उपासनामंदिर दुसरीला ठरावीक वेळी वापरू द्यावे. ही पायरी सर्वांत सोपी वाटते, पण कुरबुरी हिच्यावरच अधिक होतात. सकाळची मराठी भक्ती लांबली की बाहेर सणाच्या कपड्यांत ताटकळणारी मुले, हार्मोनियमच्या पेटीचे कुलूप, वीजबिलाची विभागणी, नाताळच्या आदल्या रात्रीची वेळ कोणाला, अशा गोष्टींतून मने दुखावतात, आणि तोंडी शब्दावर चाललेली व्यवस्था पंचमंडळ, म्हणजे मंडळीची कारभारसमिती, बदलताच मोडते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे विश्वस्त संस्थेची इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक काळासाठी भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. चर्चच्या मिळकतींचे अनेक वाद न्यायालयांत गेले आहेत, आणि ब्रदरन मंडळीच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियातील विलीनीकरणाविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, नुसत्या ठरावाने विश्वस्त संस्थेची मालमत्ता दुसरीकडे जात नाही, असा निर्वाळा दिला. म्हणून वेळ, खर्च, दुरुस्ती आणि मुदत यांचा लेखी करार करणे हे अविश्वासाचे लक्षण मानू नये. दोन्ही बाजूंच्या पुढच्या पिढीवर केलेला तो उपकार आहे.

दुसरी पायरी मेजाची, म्हणजे प्रभुभोजनाची आहे. भाकर आणि द्राक्षरस यांत सहभागी होण्याचा हा विधी ख्रिस्ती ऐक्याची खूण मानला जातो. येथे सर्वांना सारखी मोकळीक नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, १९४७ मध्ये स्थापन झालेले चर्च ऑफ साउथ इंडिया आणि केरळचे मार थोमा चर्च यांच्यात परस्पर सहभागिता आहे आणि १९७८ मध्ये त्यांनी संयुक्त परिषदही स्थापन केली. त्यामुळे मार थोमा परंपरेचा मल्याळी माणूस मराठी मंडळीच्या मेजाशी निःसंकोच येऊ शकतो, आणि तरीही तो आलाच नाही तर अडथळा धर्मशास्त्राचा नाही, सवयीचा किंवा सामाजिक अंतराचा आहे, असेच म्हणावे लागते. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरांना मात्र आपल्या शिस्तीमुळे इतरांसोबत प्रभुभोजन घेता येत नाही. अशा ठिकाणी विधीची सीमा न ओलांडताही वचनवाचन, उपवासकाळातील प्रार्थना आणि उत्तम शुक्रवारचे चिंतन एकत्र करता येते.

कापणीचा सण ही अशी एक जागा आहे जिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. मराठी मंडळ्यांत या दिवशी सभासद शेतातले पहिले पीक, कोंबडी, अंडी, गूळ, घरचे लोणचे असे काहीबाही आणून वेदीसमोर ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. दहा रुपयांच्या भोपळ्याला हसतखेळत पाचशे रुपयांची बोली लागते, कारण पैसे मंडळीच्या कामाला जायचे असतात. केरळच्या मंडळ्यांतही आद्यफळांच्या अर्पणाची आणि लिलावाची हीच रीत आहे. फरक इतकाच की तेथे नारळ, केळी आणि सुरण असतात, येथे हळद, शाळू आणि द्राक्षे. सांगलीची हळद आणि केरळचा नारळ एकाच लिलावात येण्यासाठी कोणत्याही धर्मप्रांताची परवानगी लागत नाही, आणि बोली लावताना कोणती भाषा वापरायची हे कोणाला शिकवावे लागत नाही.

तिसरी पायरी कारभाराची आहे, आणि खरी परीक्षा हिच्यावर होते. पंचमंडळात स्थलांतरित सभासदांना मतासह स्थान आहे काय, संयुक्त निधीच्या हिशेबावर दोघांच्या सह्या होतात काय, वसतिगृह किंवा दवाखाना चालवताना प्राधान्य कोणी ठरवायचे, या प्रश्नांची उत्तरे भागीदारीचे खरे स्वरूप सांगतात. लॅटरन परिषदेचा तोडगा आणि कल्याणचा प्रयोग यांच्यामधली वाट येथे सापडते : उपासनेची भाषा आणि रीत प्रत्येकाची आपापली असावी, वरिष्ठ अधिकार ज्या त्या चर्चच्या नियमाप्रमाणे राहावेत, परंतु त्या गावातील गरीब, आजारी आणि विद्यार्थी यांच्यासाठीचे काम एकाच समितीने, समान मताधिकाराने पाहावे. या वाटेने कोणत्याही परंपरेला आपला इतिहास सोडावा लागत नाही आणि गावासमोर ख्रिस्ती समाज दोन तोंडांनी बोलत नाही.

चौथी पायरी दुःखाची आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरून अनेक दिवस राहिले, तेव्हा ज्यांचे नातेवाईक जवळच्या गावांत होते त्यांना निदान एक दार ठोठावता आले. ज्यांचे सगळे गोत हजार किलोमीटरवर होते त्यांना तेवढाही आधार नव्हता. स्थलांतरित कुटुंबांची यादी स्थानिक मंडळीकडे असणे आणि स्थानिक वृद्धांची यादी मल्याळी परिचारिकांकडे असणे, ही अशा वेळी उपदेशापेक्षा मोलाची तयारी ठरते. दफनभूमीचा प्रश्न तर आणखी नाजूक आहे. जागा अपुरी असल्याने अनेक मंडळ्या ती आपल्या सभासदांपुरती राखतात, आणि परगावी मरण आलेल्या माणसाला माती कोठे द्यायची हा प्रश्न कुटुंबासमोर ऐन दुःखात उभा राहतो. अब्राहामाने सारेच्या दफनासाठी परक्या देशात पैसे मोजून शेत विकत घेतले, या उत्पत्तीच्या पुस्तकातील कथेत परकेपणाची हीच व्यथा आहे. ज्या मंडळीने परप्रांतीयाला रविवारी बाकावर जागा दिली पण मरणानंतर भूमीत दिली नाही, तिने त्याला अखेरपर्यंत पाहुणाच ठेवले असा त्याचा अर्थ होतो.

या सर्व विचारात काळ कोणाच्या बाजूने आहे हेही ध्यानात घेतले पाहिजे. सांगली-साताऱ्यात वाढणारी मल्याळी घरांतील मुले शाळेत मराठी आणि इंग्रजी शिकतात. आजीशी ती मल्याळम बोलतात, पण ती लिपी त्यांना सहज वाचता येत नाही. मराठी मंडळ्यांतील तरुण शिक्षण-नोकरीसाठी पुणे, मुंबई आणि परदेशात जातात आणि तेथे स्वतःच स्थलांतरित मंडळीचे सभासद होतात. एका बाजूला परंपरा टिकवण्यासाठी केलेला वेगळेपणा दोन पिढ्यांत निरर्थक होण्याची शक्यता आहे, तर दुसऱ्या बाजूला स्थानिक असल्याचा अभिमान धरणाऱ्या मंडळीची मुले परगावी जाऊन आज मल्याळी कुटुंब मागते तेच मागत आहेत.

यावरून निष्कर्ष असा निघतो की स्थानिक आणि स्थलांतरित मंडळ्यांनी एकमेकींत विरघळून जाण्याची गरज नाही, आणि एकमेकींपासून अलिप्त राहण्याचा अधिकारही त्यांना नाही. उपासनेची भाषा वेगळी असू शकते. किल्ल्या, हिशेब आणि दफनभूमी वेगळ्या असता कामा नयेत. सातारा आणि सांगली येथील मंडळ्यांची संख्या थोडी आहे, आणि म्हणूनच हे काम येथे मोठ्या शहरांपेक्षा सोपे आहे. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी दोन्ही बाजूंच्या पाळकांनी, धर्मगुरूंनी आणि पंचांनी वर्षातून एकदा एकत्र बसून इमारत, निधी, दफनभूमी आणि आपत्काळ या चार बाबींवर लेखी करार करावा, आणि त्या करारावर सह्या करणाऱ्यांत दोन्ही मंडळ्यांच्या स्त्रिया व तरुण असावेत.